नवजात अर्भकाच्या रक्तातील ट्रिप्सिन : एका मापनाचा इतिहास

१

एखाद्या द्रव्याचे मोजमाप करता येऊ लागले की त्या मापाचा अर्थही पाठोपाठ उमगतो, असा एक समज वैद्यकशास्त्राच्या इतिहासाविषयी रूढ आहे. वस्तुस्थिती बहुधा इतकी सरळ नसते. माप हाती येते. त्याचा अर्थ लावण्यात काही वर्षे जातात. आणि अर्थ लागल्यानंतरही त्या मापाच्या आधारे कोणती कृती करणे योग्य, हा प्रश्न आणखी काही वर्षे वादाचा विषय होऊन राहतो. नवजात अर्भकाच्या रक्तात आढळणाऱ्या पाचक विकरांच्या अभ्यासाचा इतिहास हे या तिन्ही अवस्थांचे बोधप्रद उदाहरण आहे.

विकर म्हणजे ज्यास आपण व्यवहारात एंझाइम म्हणतो ते द्रव्य. स्वादुपिंडात तयार होणारी ट्रिप्सिन, अमायलेज व लायपेज ही विकरे अनुक्रमे प्रथिने, पिष्टमय पदार्थ व स्निग्ध पदार्थ यांचे पचन करतात. त्यांचे कार्यक्षेत्र आतडे हे होय. तथापि त्यांचा अल्पसा अंश निरोगी माणसाच्या रक्तातही सापडतो. १९७९ साली न्यूझीलंडमधील ऑकलंड येथील संशोधकांनी असे दाखवून दिले की, सिस्टिक फायब्रोसिस या आनुवंशिक विकाराने ग्रस्त असलेल्या अर्भकाच्या रक्तात जन्मानंतरच्या पहिल्या काही दिवसांत ट्रिप्सिनचे प्रमाण फार वाढलेले असते. ज्या विकारात स्वादुपिंडाचा क्रमाक्रमाने नाश होतो व आतड्यात ट्रिप्सिनचा तुटवडा पडतो, त्याच विकारात रक्तात मात्र त्याची वाढ व्हावी, ही गोष्ट प्रथमदर्शनी विसंगत वाटते. ही विसंगती कोणत्या मार्गाने ध्यानात आली, तिचा उलगडा कसा झाला आणि त्यातून जन्मास आलेल्या परीक्षेने वैद्यांवर व समाजावर कोणती जबाबदारी टाकली, याचे विवेचन करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

२

ट्रिप्सिनचा शास्त्रीय इतिहास एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सुरू होतो. १८७५ साली ब्रेस्लाउ येथील शरीरक्रियाशास्त्रज्ञ रूडोल्फ हायडेनहाइन यांनी असे निदर्शनास आणले की, ताज्या स्वादुपिंडात प्रथिनांचे पचन करणारे द्रव्य कार्यक्षम रूपात नसते. असते ते त्याचे पूर्वरूप. पुढल्याच वर्षी हायडेलबर्ग येथील विल्हेल्म क्यूने यांनी प्रत्यक्ष पचन करणाऱ्या द्रव्यास ‘ट्रिप्सिन’ हे नाव दिले. ‘एंझाइम’ हा शब्दही त्याच सुमारास त्यांनीच प्रचारात आणला. या पूर्वरूपाला आज आपण ट्रिप्सिनोजेन म्हणतो. ते आतड्यात उतरल्यावर आतड्यातील दुसऱ्या एका विकराच्या योगाने जागृत होते, हे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सेंट पीटर्सबर्ग येथे पावलॉव्ह यांच्या प्रयोगशाळेत सिद्ध झाले. १९३०च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेतील रॉकफेलर संस्थेत जॉन नॉर्थ्रप व मोझेस कुनिट्झ यांनी ट्रिप्सिन स्फटिकरूपात मिळविले, आणि विकर हे एक प्रथिनच आहे या मतास त्यामुळे मोठी बळकटी आली.

या व्यवस्थेतील हेतू उघड आहे. प्रथिने पचविणारे द्रव्य ज्या पेशींत तयार होते त्या पेशीही प्रथिनांच्याच बनलेल्या असतात. तेव्हा ते निद्रिस्त रूपात साठविणे हाच सुरक्षित मार्ग. रक्तातही निसर्गाने अशीच दक्षता घेतलेली आहे. जागृत ट्रिप्सिन रक्तात शिरलेच, तर रक्तरसातील काही प्रथिने त्यास तत्काळ जखडून निष्प्रभ करतात. याचा परिणाम असा की, रक्तातील ट्रिप्सिन त्याच्या पाचक क्रियेवरून मोजू गेल्यास हाती जवळजवळ काहीच लागत नाही. जे मुख्यतः अभिसरणात असते ते ट्रिप्सिनोजेन, म्हणजे अद्याप काहीच न करणारे पूर्वरूप. आणि जे जागृत असते ते जखडलेले.

अमायलेजची गोष्ट निराळी आहे. त्याची क्रिया रक्तात व मूत्रात सहज मोजता येते. १९०८ साली जर्मनीत वोलगेमूट यांनी तशी पद्धती प्रसिद्ध केली आणि प्रौढांच्या स्वादुपिंडदाहाचे निदान करण्याच्या कामी अमायलेजचे मापन पुढे सार्वत्रिक झाले. नवजात अर्भकाच्या बाबतीत मात्र त्याचा उपयोग नाही. जन्मतः अर्भकाचे स्वादुपिंड अमायलेज जवळजवळ तयारच करीत नाही. ती शक्ती त्यास पुढील महिन्यांत येते. ट्रिप्सिनोजेन मात्र जन्मतःच पुरेशा प्रमाणात तयार होत असते. सारांश, जे विकर मोजण्यास सोपे ते अर्भकात अनुपस्थित, आणि जे उपस्थित ते प्रचलित पद्धतीने मोजता येण्याजोगे नाही, अशी अडचण विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत होती.

३

आता ज्या रोगामुळे या मापनास महत्त्व आले त्याकडे वळू. चुंबन घेताना ज्या बालकाचे कपाळ खारट लागते ते फार जगत नाही, अशी समजूत युरोपातील लोकवाङ्मयात जुन्या काळापासून आढळते. १९०५ साली व्हिएन्ना येथे कार्ल लांडस्टायनर यांनी, पहिल्याच घट्ट मलाने आतडे तुंबून दगावलेल्या अर्भकाच्या स्वादुपिंडातील विकृतीचे वर्णन केले. रक्तगटांच्या शोधामुळे त्यांचे नाव सर्वज्ञात आहे. हे दुसरे निरीक्षण मात्र दीर्घकाळ दुर्लक्षित राहिले. १९३६ साली झुरिच येथील ग्विडो फांकोनी यांनी, आणि १९३८ साली न्यूयॉर्क येथील बालरुग्णालयातील विकृतिशास्त्रज्ञ डॉरोथी अँडरसन यांनी या रोगाचे स्वतंत्र अस्तित्व प्रस्थापित केले. अँडरसन यांनी केलेल्या शवविच्छेदनांत असे आढळले की, दीर्घकालीन अतिसाराचे म्हणून नोंदविलेल्या काही बालकांच्या स्वादुपिंडात लहान लहान पोकळ्या व तंतुमय घट्टे यांखेरीज फारसे काही उरलेलेच नव्हते. रोगाचे नाव या दृश्यावरूनच पडले. १९४६ साली अँडरसन व हॉजेस यांनी कुटुंबांच्या नोंदी तपासून हा विकार अप्रभावी आनुवंशिकतेने संक्रमित होतो असा निष्कर्ष काढला. त्याच सुमारास बॉस्टनचे सिडनी फार्बर यांनी हा रोग केवळ स्वादुपिंडाचा नसून शरीरातील सर्व चिकट स्रावांचा आहे, असे प्रतिपादन केले.

त्यानंतरचा टप्पा न्यूयॉर्कमधील एका उन्हाळ्याशी निगडित आहे. १९४८ साली त्या शहरात उष्णतेची मोठी लाट आली. उष्म्याने कोलमडून रुग्णालयात दाखल झालेल्या बालकांत या विकाराच्या बालकांची संख्या विलक्षण अधिक होती. पॉल दि सांत’ॲन्येझे यांनी या निरीक्षणाचा पाठपुरावा केला व १९५३ साली दाखवून दिले की, या बालकांच्या घामात मिठाचे प्रमाण फार अधिक असते. लोकसमजुतीतील खारट कपाळास अशा रीतीने प्रयोगशाळेचा आधार मिळाला. १९५९ साली गिब्सन व कुक यांनी पायलोकार्पिन हे औषध सौम्य विद्युत्प्रवाहाने त्वचेत उतरवून घाम आणण्याची सुरक्षित पद्धती दिली. घामातील क्लोराइडची ही परीक्षा आजही निदानाची मुख्य कसोटी आहे.

४

या कसोटीची एक मर्यादा होती. जन्मानंतरच्या पहिल्या दिवसांत अर्भकास परीक्षेपुरता घाम येतोच असे नाही. आणि प्रत्येक नवजाताची अशी परीक्षा करणे कोणत्याही देशास शक्य नव्हते. परिणामी निदान होई ते बालक खंगल्यानंतर. तोपर्यंत फुप्फुसांत चिकट श्लेष्मा साठून जंतूंचे ठाणे बसलेले असे. रोगाची ओळख लवकर पटावी ही निकड यातूनच निर्माण झाली.

आरंभीच्या सर्व परीक्षा विकराचा आतड्यातील अभाव शोधणाऱ्या होत्या. अँडरसन यांनी १९४०च्या दशकाच्या आरंभी बालकाच्या ग्रहणीत नळी सोडून तेथील रसातील ट्रिप्सिन मोजण्याची रीत घातली. पद्धती विश्वसनीय, परंतु बालकास अत्यंत त्रासदायक. १९४९ साली बॉस्टनचे हॅरी श्वाखमन व त्यांचे सहकारी यांनी एक सुटसुटीत युक्ती सुचविली. छायाचित्रणाच्या फिल्मवर जिलेटिनचा थर असतो व जिलेटिन हे प्रथिन आहे. विष्ठेचे पातळ द्रावण त्या थरावर ठेवल्यास, ट्रिप्सिन असेल तर थर विरघळून फिल्म स्वच्छ होते. नसेल तर थर तसाच राहतो. १९७०च्या दशकात याच विचारसरणीची आणखी एक परीक्षा युरोपात प्रचारात आली. अर्भकाच्या पहिल्या मलात न पचलेले अल्ब्युमिन आहे काय, हे रंग बदलणाऱ्या कागदी पट्टीने पाहावयाचे. ज्या थोड्या रुग्णांचे स्वादुपिंड जन्मसमयी बऱ्यापैकी कार्यक्षम असते ते या परीक्षेतून निसटत. उलट पुष्कळ निरोगी अर्भके संशयित ठरत.

या सर्व प्रयत्नांमागे एक समान गृहीत होते. रोग म्हणजे विकराचा अभाव. म्हणून परीक्षा म्हणजे अभावाचा शोध. हे गृहीत चुकीचे नव्हते, परंतु अपुरे होते. अभाव शोधावयाचा तर तो पूर्ण व्हावा लागतो, आणि तो पूर्ण होईपर्यंत हानी होऊन गेलेली असते.

५

पुढील प्रगती दोन अगदी निराळ्या दिशांनी आली.

पहिली दिशा कागदाची. गाळणकागदावर वाळविलेल्या रक्ताचे रासायनिक पृथक्करण करण्याचा प्रघात नवा नव्हता; १९१३ साली स्वीडनमधील ईवार बांग यांनी रक्तशर्करा अशा रीतीने मोजली होती. परंतु सबंध समाजातील नवजातांच्या परीक्षेसाठी त्याचा उपयोग करून घेण्याचे श्रेय अमेरिकेतील बफेलो येथील रॉबर्ट गथ्री यांचे. गथ्री यांचा स्वतःचा मुलगा मतिमंद होता, आणि त्यांच्या भाचीस फिनाइलकीटोनमेह या विकारामुळे बुद्धिमांद्य आले होते. त्या विकारात पथ्याचा आहार वेळीच सुरू केल्यास मेंदूची हानी टळते, हे तोवर ज्ञात झालेले होते. प्रश्न होता तो वेळेचा. अर्भकाची टाच टोचून रक्ताचे काही थेंब जाड गाळणकागदावर घ्यावयाचे, ते वाळवावयाचे व टपालाने एका मध्यवर्ती प्रयोगशाळेकडे पाठवावयाचे, ही त्यांची योजना १९६३ साली प्रसिद्ध झाली. थोड्याच वर्षांत ती अनेक देशांनी स्वीकारली. न्यूझीलंडमध्ये असा राष्ट्रीय कार्यक्रम १९६९ साली सुरू झाला. देशात जन्मणाऱ्या जवळजवळ प्रत्येक बालकाच्या रक्ताचा थेंब एका ठिकाणी जमा होऊ लागला, ही घटना वैद्यकाच्या इतिहासात अभूतपूर्व होती.

दुसरी दिशा मापनाची. न्यूयॉर्क येथे रोझलिन यॅलो व सॉलोमन बर्सन यांनी १९५९-६०च्या सुमारास इन्शुलिनच्या मापनासाठी किरणोत्सर्गी प्रतिरक्षामापनाची पद्धती विकसित केली. मोजावयाच्या द्रव्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार करावयाची. त्या द्रव्याचा काही अंश किरणोत्सर्गी अणूंनी चिन्हांकित करावयाचा. आणि नमुन्यातील अचिन्हांकित द्रव्य प्रतिपिंडांवरील जागेसाठी त्याच्याशी किती स्पर्धा करते ते पाहावयाचे, असे या पद्धतीचे सूत्र आहे. १९७७ साली यॅलो यांस याबद्दल नोबेल पारितोषिकाचा एक भाग मिळाला. बर्सन १९७२ सालीच निवर्तले होते. आपल्या विषयाच्या दृष्टीने या पद्धतीचे वैशिष्ट्य असे की, द्रव्य काय करते हे ती पाहत नाही. ते आहे किंवा नाही एवढेच पाहते. ट्रिप्सिन निद्रिस्त असो वा जखडलेले असो, प्रतिपिंड त्यास त्याच्या आकारावरून ओळखते. १९७०च्या दशकाच्या मध्यास ही पद्धती रक्तातील ट्रिप्सिनला लागू करण्यात आली आणि शतकभराची अडचण दूर झाली. अशा रीतीने मोजलेल्या ट्रिप्सिनला ‘प्रतिरक्षा-प्रतिक्रियाशील ट्रिप्सिन’ असे लांबलचक नाव पडले. त्या नावातच मापनाची ही नवी रीत नमूद झालेली आहे.

६

या दोन प्रवाहांचा संगम ऑकलंड येथे झाला. जॅनेट क्रॉसली, रॉबर्ट एलियट व पॅट्रिशिया स्मिथ यांचा अल्पसा लेख १९७९ साली ‘द लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. वाळलेल्या रक्ताच्या ठिपक्यातील ट्रिप्सिन या पद्धतीने मोजता येते, आणि सिस्टिक फायब्रोसिस असलेल्या नवजातांत ते इतरांहून पुष्कळ अधिक असते, हे त्यातील सार होय.

वर निर्दिष्ट केलेल्या विसंगतीचा उलगडा येथे होतो. या विकारात स्वादुपिंडाच्या सूक्ष्म नलिका घट्ट स्रावाने बुजतात. ही क्रिया गर्भावस्थेतच सुरू झालेली असते. नलिकांच्या मुळाशी असलेल्या पेशी मात्र अद्याप जिवंत असतात व ट्रिप्सिनोजेन तयार करीतच असतात. आतड्याकडे जाणारी वाट बंद झाल्याने ते मागे तुंबते व पेशींच्या अवतीभवतीच्या केशवाहिन्यांतून रक्तात झिरपते. बांध घातलेल्या पाटाचे पाणी बाजूच्या शेतात फुटावे, तसाच हा प्रकार. आतड्यातील तुटवडा व रक्तातील आधिक्य ही एकाच अडथळ्याची दोन रूपे आहेत.

यातून आणखी एक गोष्ट निष्पन्न होते. रक्तातील हे आधिक्य कायमचे नसते. पेशी जसजशा नष्ट होतात तसतसे रक्तातील ट्रिप्सिनोजेन उतरत जाते, आणि काही वर्षांनी ते निरोगी बालकापेक्षाही कमी होते. म्हणजे तेच माप नवजातात अधिक असणे जसे रोगाचे चिन्ह, तसे मोठ्या बालकात कमी असणे हेही त्याच रोगाचे चिन्ह ठरते. आणि या दोहोंच्या मधल्या काळात ते सामान्य पातळीवरूनही जात असले पाहिजे. वयाचा उल्लेख नसलेला आकडा येथे निरर्थक होय. आकड्यास अर्थ प्राप्त होतो तो विकृतीच्या कालक्रमात त्याचे स्थान निश्चित झाल्यानंतरच, ही गोष्ट पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी विशेष ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

७

परीक्षा उपलब्ध झाली याचा अर्थ ती सर्वांवर करावी असा होत नाही. १९६८ साली विल्सन व युंग्नर यांनी जागतिक आरोग्य संघटनेसाठी सामुदायिक चाळणी परीक्षांची तत्त्वे लिहून ठेवली होती. रोग महत्त्वाचा असावा, त्याचा नैसर्गिक क्रम ज्ञात असावा, त्यावर मान्य उपचार असावा, ही त्यांतील प्रमुख. फिनाइलकीटोनमेहाच्या बाबतीत ही तत्त्वे सहज पाळली जात होती. पथ्य सुरू केले की बालक वाचे. सिस्टिक फायब्रोसिसवर असा निर्णायक उपाय १९७९ साली नव्हता. होते ते उपचार विकरांची पुरवणी, पोषक आहार, छातीतील कफ काढण्याचे व्यायाम व प्रतिजैविके एवढेच. अशा स्थितीत दहाव्या दिवशी रोग कळला काय आणि दहाव्या महिन्यात कळला काय, फरक कोणता, असा प्रश्न अनेक जबाबदार वैद्यांनी विचारला. तो प्रश्न रास्त होता.

इंग्लंडच्या पूर्व भागात १९८० साली, ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्समध्ये १९८१ साली व अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यात १९८२ साली ही चाळणी सुरू झाली. परंतु प्रश्नाचा रीतसर निर्णय करण्याचा सर्वांत मोठा प्रयत्न विस्कॉन्सिन राज्यात झाला. फिलिप फॅरेल यांच्या नेतृत्वाखाली एप्रिल १९८५ ते जून १९९४ या काळात ६,५०,३४१ नवजातांचे रक्त तपासण्यात आले. त्यांची यदृच्छ पद्धतीने दोन जवळजवळ समान गटांत विभागणी केली होती. एका गटातील संशयित बालकांच्या पालकांस निकाल तत्काळ कळविण्यात आला. दुसऱ्या गटाचे निकाल, पालकांनी स्वतः विचारणा केल्याखेरीज, बालक चार वर्षांचे होईपर्यंत राखून ठेवण्यात आले.

या योजनेतील शास्त्रीय काटेकोरपणा नाकारता येत नाही. तुलनेसाठी असा दुसरा गट नसता तर लवकर निदानाचा लाभ खरा की भासमान, हे सांगता आले नसते. पण प्रयोगशाळेत नोंद असलेली गोष्ट घरी आईबापांस ठाऊक नाही, आणि बालक मात्र खंगत आहे, असे त्या दुसऱ्या गटातील काही घरांत घडले असणार, हेही नाकारता येत नाही. ज्ञानाची निश्चिती करण्यासाठी ज्ञान रोखून धरावे लागले. या द्वंद्वाचा सोपा निवाडा प्रस्तुत लेखकापाशी नाही. मात्र पुढील पिढ्यांतील बालकांस जो लाभ झाला तो या दुसऱ्या गटातील बालकांच्या खर्चाने झाला, याची नोंद इतिहासाने ठेवली पाहिजे.

१९९७ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार लवकर निदान झालेल्या बालकांची उंची व वजन स्पष्टपणे सरस होते, आणि हा फरक अनेक वर्षे टिकला. २००४ साली याच बालकांच्या अभ्यासातून असेही पुढे आले की, निदानास विलंब झाला व ज्यांच्या शरीरात ई जीवनसत्त्वाची उणीव राहिली, त्यांच्या बौद्धिक विकासावर अनिष्ट परिणाम झाला होता. फुप्फुसांच्या बाबतीत मात्र चित्र इतके सुखावह नव्हते. प्रयोगाच्या दोन केंद्रांपैकी एकात, लवकर ओळखलेल्या अर्भकांस स्यूडोमोनस या जंतूचा संसर्ग अपेक्षेपेक्षा आधीच झालेला आढळला. तेथे ही तान्ही बालके व जुने, जंतुग्रस्त रुग्ण एकाच बाह्यरुग्ण विभागात एकत्र येत असत. लवकर निदानाने त्यांस लवकर रुग्णालयात आणले, आणि रुग्णालयानेच त्यांस जंतू दिला. यानंतर नवजात व मोठे रुग्ण यांस वेगवेगळे ठेवण्याची दक्षता हा उपचाराचा अविभाज्य भाग झाला.

८

आणखी एक अडचण परीक्षेच्या स्वरूपातच होती. ट्रिप्सिनोजेन वाढते ते केवळ या रोगातच नव्हे. अपुऱ्या दिवसांची, जन्मसमयी गुदमरलेली, काही गुणसूत्रीय विकृती असलेली अर्भके, तसेच कित्येक पूर्णतः निरोगी अर्भकेही मर्यादेच्या वर जातात. उलट, जन्मतःच आतडे तुंबलेल्या रुग्ण अर्भकात ते कधी कधी वाढलेले आढळत नाही. पहिल्या परीक्षेत संशयित ठरलेल्या शंभर बालकांपैकी नव्वदांहून अधिक अखेरीस निरोगी निघत. तितक्याच घरांत काही आठवडे भीतीचे गेले, असा त्याचा अर्थ. यावर आरंभी शोधलेला उपाय म्हणजे दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा रक्त घेणे. निरोगी अर्भकात तोवर पातळी उतरते. रुग्णात ती टिकून राहते.

१९८९ साली लॅप-ची त्सुई, जॉन रिऑर्डन व फ्रान्सिस कॉलिन्स यांच्या सहकार्याने सातव्या गुणसूत्रावरील सदोष जनुकाचा शोध लागला. उत्तर अमेरिकेतील रुग्णांच्या सुमारे सत्तर टक्के सदोष जनुकांत एकच उत्परिवर्तन आढळले. त्यानंतर लवकरच दक्षिण ऑस्ट्रेलियात ट्रिप्सिन वाढलेल्या नमुन्यातच जनुकाची तपासणी करण्याची रीत सुरू झाली व विस्कॉन्सिनने १९९१ साली ती स्वीकारली. संशयितांची संख्या घटली. पण नवा प्रश्न उद्भवला. ज्यांच्यात एकच सदोष जनुक आहे अशी निरोगी, वाहक बालकेही या चाळणीत सापडू लागली. आईबापांनी न विचारलेली एक माहिती त्यांच्या हाती पडू लागली.

२००४ साली अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने या चाळणीची शिफारस केली. २०१० पर्यंत ती त्या देशातील सर्व राज्यांत पोहोचली. ब्रिटनमध्ये ती २००७ पर्यंत सर्वत्र लागू झाली. ऑकलंडच्या लेखापासून येथपर्यंत सुमारे तीन दशके लोटली.

९

या इतिहासाचा आपल्या देशाशी संबंध काय, असा प्रश्न वाचकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. सिस्टिक फायब्रोसिस हा गौरवर्णीयांचाच रोग असून भारतात तो नाही, असे दीर्घकाळ मानले जाई. १९६०च्या दशकाच्या अखेरीस भारतीय बालरोगतज्ज्ञांनी येथील रुग्णांची वर्णने प्रसिद्ध केली; ब्रिटन व उत्तर अमेरिकेत स्थायिक झालेल्या भारतीय वंशाच्या कुटुंबांतही रोग आढळला. तो येथे विरळ असेल. परंतु विरळ दिसण्याचे एक कारण तो न शोधणे हेही आहे. वारंवार खोकणारे, वजन न वाढणारे, सतत पातळ शौच होणारे बालक आपल्याकडे पुढ्यात आले की वैद्याच्या मनात प्रथम क्षय व कुपोषण हीच निदाने येतात. या दोन सार्वत्रिक रोगांच्या आड तिसरा सहज लपतो.

येथे ट्रिप्सिनच्या मापनास एक विशेष महत्त्व प्राप्त होते. पाश्चात्त्य देशांतील जनुकपरीक्षा तेथे आढळणाऱ्या उत्परिवर्तनांच्या यादीवर आधारलेल्या आहेत. भारतीय रुग्णांत सर्वपरिचित उत्परिवर्तनाचे प्रमाण पुष्कळ कमी असून इतर उत्परिवर्तने अनेक आहेत. परक्या यादीने चाळले तर आपली बालके निसटणार. अनेक वंशांची लोकवस्ती असलेल्या कॅलिफोर्नियाने २००७ साली चाळणी सुरू करताना ही अडचण ओळखून संशयित नमुन्यांत जनुकाचे संपूर्ण वाचन करण्याची तिसरी पायरी जोडली. विकर मात्र वंश पाहून तुंबत नाही. नलिका बुजली की ते रक्तात उतरतेच. अर्थात ते मापनही निर्धोक नाही. वाळलेल्या ठिपक्यातील ट्रिप्सिनोजेन उष्णतेने व दमटपणाने क्षीण होते, असे अनुभवास आले आहे. कोकणातील पावसाळ्यात किंवा विदर्भातील वैशाखात टपालाने चार दिवस प्रवास केलेल्या कागदावरील आकडा ऑकलंडच्या आकड्याशी ताडून पाहणे धोक्याचे ठरेल. असा उपक्रम येथे हाती घ्यावयाचा झाल्यास मर्यादा आपल्याच हवेत, आपल्याच नवजातांवर ठरवाव्या लागतील.

१०

या इतिहासातील सर्वांत अलीकडील प्रकरण मोठे अर्थपूर्ण आहे. २०१२ पासून सदोष जनुकाच्या प्रथिनाचेच कार्य सुधारणारी औषधे उपलब्ध होऊ लागली, आणि २०१९ साली अमेरिकेत मान्य झालेल्या तीन औषधांच्या संयोगाने अनेक रुग्णांचे आयुष्य पालटले. एकेकाळी बालपणातच दगावणाऱ्या या रोगाच्या स्त्रिया आता माता होऊ लागल्या आहेत. २०२१ साली असे एक उदाहरण प्रसिद्ध झाले की, गर्भारपणी ही औषधे घेणाऱ्या मातेच्या पोटी आलेल्या रोगग्रस्त अर्भकाचे स्वादुपिंड जन्मतः कार्यक्षम होते आणि चाळणीत त्याचे ट्रिप्सिन वाढलेले आढळले नाही. औषध गर्भापर्यंत पोहोचले होते. नलिका बुजल्या नव्हत्या. म्हणून चिन्ह उमटले नव्हते. रोग मात्र होता.

अँडरसन यांनी शवविच्छेदनाच्या मेजावर जे स्वादुपिंड पाहिले तेथून या अर्भकापर्यंतचे अंतर ऐंशी-पंच्याऐंशी वर्षांचे आहे. या काळात रक्तातील ट्रिप्सिनचा आकडा प्रथम अदृश्य होता, नंतर विसंगत वाटला, पुढे तो मार्गदर्शक झाला, आणि आता उपचाराच्याच यशाने तो काही प्रसंगी पुन्हा मूक होऊ लागला आहे. त्या आकड्याने निदान कधीच केले नव्हते. कोणत्या बालकाकडे पुन्हा पाहावयाचे एवढेच तो सांगत होता. पुन्हा पाहण्याचे काम वैद्याचे, आणि त्यासाठी लागणारी व्यवस्था उभी करण्याचे काम समाजाचे. विस्कॉन्सिनमधील त्या बाह्यरुग्ण विभागाने दाखवून दिल्याप्रमाणे, ती व्यवस्था सदोष असेल तर अचूक मापही बालकास अपाय करू शकते. आपल्याकडे अशा चाळणीचा विचार जेव्हा होईल तेव्हा यंत्रांच्या किमतीआधी या अनुभवाचा विचार व्हावा, एवढीच अपेक्षा येथे नोंदवून हे विवेचन पुरे करतो.